आधी प्लेटा मोजा: मुंबईत निसर्गाची जुनी सचित्र पुस्तकं जमवताना

पक्ष्यांचं, प्राण्यांचं किंवा झाडांचं जुनं सचित्र पुस्तक हातात आलं की मजकुरात शिरू नका, बांधणीवर भाळू नका. आधी प्लेटा मोजा. प्लेटा म्हणजे मजकुरापासून वेगळी छापून पुस्तकात बसवलेली चित्रांची पानं. मोजणीचा हा धडा मी पैसे घालवून शिकले. स्टुअर्ट बेकर यांचं भारतीय बदकांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९०८ साली काढलं. त्यात ग्रॉनवॉल्ड, लॉज आणि क्यूलेमन्स या तिघांनी काढलेल्या ३० रंगीत प्लेटा आहेत. एका विक्रेत्याकडून मी ते घेतलं. बांधणी भक्कम, कणा शाबूत, पानं स्वच्छ. तीन दिवसांनी घरी निवांत बसून पानं उलटत होते, तर एका जागी चित्र जपायला त्यासमोर लावतात तो पातळ टिश्यू कागद लागला आणि त्यामागे चित्रच नव्हतं. शिवणीपाशी जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी उरली होती, ब्लेडने सरळ कापलेली. टिश्यूवर मात्र इतक्या वर्षांत चित्राची फिकट सावली उतरली होती. मानेचा बाक, चोच, पाठीची रेघ. यादी काढून पाहिली, तर ते गुलाबी डोक्याचं बदक होतं. गेल्या शतकाच्या मध्यानंतर हा पक्षी रानात कुणाला खात्रीने दिसलेला नाही, त्यामुळे फ्रेम करून विकायला सगळ्यात आधी तेच पान जातं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे आणि तो मी मोडत नाही.

गल्ली अरुंद ठेवा

"जुनी निसर्गाची पुस्तकं" हा संग्रह होत नाही, तो ढीग होतो. एक धागा पकडा. मुंबईत राहणाऱ्या माणसाला धागा शोधायला लांब जावं लागत नाही. बीएनएचएसची स्थापना इथेच १८८३ साली झाली आणि १८८६ पासून तिचं जर्नल निघू लागलं. त्या जर्नलमधल्या काही लेखमालांचीच पुढे पुस्तकं झाली. वॉल यांची भारतीय सापांवरची मालिका, बेल यांची फुलपाखरांवरची मालिका, बेकर यांची शिकारीच्या पक्ष्यांवरची मालिका, सगळ्यांबरोबर रंगीत प्लेटा होत्या. ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या झाडांवरच्या मालिकेचं १९३७ साली पुस्तक झालं. जर्नलचे सुटे जुने अंक अजूनही माणसाच्या ऐपतीत मिळतात. नवशिक्याला मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगते, कारण याच अंकांत लिथोग्राफपासून (दगडावरून छापलेलं चित्र) हाफटोनपर्यंत (ठिपक्यांच्या जाळीतली यांत्रिक छपाई) छपाईच्या सगळ्या तऱ्हा एका बैठकीत पाहायला मिळतात.

ज्यांना पक्षी हवेत त्यांनी सालिम अली यांचं १९४१ सालचं पक्ष्यांचं पुस्तक, व्हिसलर यांचं १९२८ सालचं हँडबुक आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतले बेकर यांचे १९२२ ते १९३० मधले आठ खंड यांच्याकडे पाहावं. सालिम अलींच्या पुस्तकाच्या पुढे इतक्या आवृत्त्या निघाल्या की शीर्षकपानामागचं पान नीट वाचल्याशिवाय पहिली आवृत्ती म्हणून पैसे देऊ नयेत. प्राण्यांसाठी प्रेटर यांचं १९४८ सालचं पुस्तक. ज्यांचं मन वनस्पतींत आहे त्यांना माझं सांगणं की आपल्या मुंबईच्या लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांना विसरू नका. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाने बामनदास बसूंच्या जोडीने औषधी वनस्पतींवर जे काम केलं, ते १९१८ साली अलाहाबादहून छापून निघालं आणि त्याच्या प्लेटा एक हजाराहून जास्त आहेत. मजकूर वेगळा आणि प्लेटांचे संच वेगळे, त्यामुळे वारसांच्या वाटणीत, घर बदलण्यात किंवा रद्दीत त्यांची ताटातूट झालेली असते. पूर्ण संच दिसला तर घासाघीस फार ताणू नका.

गूल्डचे हिमालयातले पक्षी, हूकरचे सिक्कीममधले ऱ्होडोडेंड्रॉन, रॉक्सबर्गच्या कोरोमंडलच्या वनस्पती ही पुस्तकं घेण्यासाठी नव्हेत, पाहण्यासाठी आहेत. पण ती पाहिलीच पाहिजेत. चांगल्या प्रतीची प्लेट एकदा डोळ्यांत बसली की वाईट प्रत आपोआप खटकते. टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि लायन गेटसमोरच्या हॉर्नबिल हाऊसमधलं बीएनएचएसचं ग्रंथालय इथे सभासदत्व, परवानगी, वेळ याची रीतसर चौकशी करा. ज्यांना तिथवर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर अशी हजारो पुस्तकं पानन् पान स्कॅन करून फुकट ठेवलेली आहेत. पुढच्या मोजणीतही हेच संकेतस्थळ तुमचा उजवा हात असणार आहे.

पुस्तकं कुठून निघतात

हुतात्मा चौकाजवळचे पदपथावरचे विक्रेते, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे ढीग आणि चोरबाजारची मटण स्ट्रीट या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. चोरबाजारात शुक्रवारी रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो. तिथे पहाटेच जावं लागतं, टॉर्च आणि भिंग खिशात ठेवून. पण खरं सांगते, गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे आलेली बहुतेक चांगली पुस्तकं फुटपाथवरून आलेली नाहीत. ती इमारती पाडल्या जाताना आली. गिरगाव, दादर, माटुंगा, ताडदेव इथल्या जुन्या चाळी आणि बंगले पुनर्विकासाला जातात, घर रिकामं करायला महिना-दोन महिने मिळतात, आणि आजोबांचं कपाट उघडून बघायलाही कुणाला सवड नसते. कपाट थेट रद्दीवाल्याकडे जातं. म्हणून आपल्या भागातल्या चार-पाच रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. फोन नंबर द्या, दिवाळीला भेटा, आणि पुस्तक घेतलं तर योग्य पैसे द्या.

दादरच्या एका दुकानात मालकाने मला एक जाडजूड खंड दाखवला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, यात रंगीत पानं आहेत. बाकीचं ओझं कशाला नेता? पानं सोडवून देऊ का?" त्याचा हात चाकूकडे गेलाही होता. मी जवळजवळ ओरडलेच, "नको दादा, एक पानसुद्धा सोडवू नका, आहे तसंच द्या!" त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सुटी पानं सहज खपतात, अख्खं पुस्तक खपत नाही. त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून प्लेटांची यादी वाचली, एकेक प्लेट ताडून पाहिली आणि पूर्ण निघालेल्या पुस्तकाचे त्याने मागितले त्याहून जास्त पैसे दिले. आता तो फोन करताना आधी सांगतो, "ताई, यादी लावून बघितली, सगळं आहे." रद्दीवाल्याला मोजणी शिकवणं हा माझ्या मते या छंदातला सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

फुटपाथ असो की ऑनलाइन लिलाव, एक गोष्ट ताबडतोब पाहा: शिक्के. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ते पुस्तक रीतसर रद्द करून विकल्याचाही शिक्का किंवा कागद असायला हवा. तो नसेल तर विकत घेऊ नका, आणि शक्य असेल तर त्या ग्रंथालयाला कळवा. सरकारी महाविद्यालयांची आणि बंद पडलेल्या वाचनालयांची पुस्तकं कुठल्या वाटेने बाजारात येतात हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

दहापट भिंग

प्लेट कशी छापली आहे हे ओळखता आलं की अर्धी फसवणूक टळते. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरेसं आहे. झवेरी बाजारात मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवा आणि कागद हळूहळू जवळ आणा. चांगल्या उजेडात, खिडकीपाशी.

रेघा स्वच्छ, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या, आणि चित्राभोवती कागदात दबलेली चौकट बोटाला लागत असेल तर तो तांब्याच्या पत्र्यावरचा ठसा आहे. ही चौकट पत्र्याच्या कडेची असते. कागद कापून लहान केला असेल तर ती निघून जाते. खडूने खरखरीत कागदावर घासल्यासारखा दाणा दिसला तर लिथोग्राफ, कारण चित्रकार दगडावर तेलकट खडूनेच काढतो. गूल्डच्या प्लेटा अशाच आहेत. दगडावरची बरीच चित्रं त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी काढली, आणि मग रंग हाताने भरले गेले. हाताने भरलेला रंग ओळखणं सोपं आहे. तो रेघ ओलांडतो, कडेला किंचित साचतो, आणि एकाच प्लेटच्या दोन प्रतींत सारखा नसतो. काळ्या पिसांवर डिंक लावलेला असतो, तो पान तिरपं धरलं की ओल्यासारखा चमकतो. गडद पंखाचा तो ओला झोत पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी श्वास रोखून बसले होते.

क्रोमोलिथोग्राफमध्ये प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. भिंगाखाली वेगवेगळ्या रंगांचे वेडेवाकडे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि कधी एखादा रंग केसभर सरकलेला असतो. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारीच्या पक्ष्यांवरचे तीन खंड, कलकत्ता १८७९ ते १८८१, हे त्याचं उदाहरण. सगळ्या प्लेटा सारख्या दर्जाच्या नाहीत. काही सुरेख, काही ठोकळ. घेताना हे ध्यानात असू द्या, नाहीतर आपलीच प्रत खराब आहे असं वाटत राहील.

आणि जर ठिपके एका सरळ जाळीत, अगदी शिस्तीत मांडलेले किंवा छोट्या फुलासारख्या गोल रचनेत दिसले, तर ती यांत्रिक छपाई आहे. १९२० च्या पुस्तकात ती असणारच, तिथे ती योग्यच आहे. पण "अठराव्या शतकातली प्लेट" म्हणून सोनेरी फ्रेममध्ये विकायला ठेवलेल्या चित्रात ही जाळी दिसली तर तो आजचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला आहे. काचेच्या आत बंद असेल तर फ्रेम उघडून दाखवायला सांगा. उघडत नसतील तर निघून या.

प्लेटच्या खालच्या कडेची बारीक अक्षरंही वाचा. नावापुढे "डेल." म्हणजे हे चित्र मूळ काढणारा, "स्कल्प." म्हणजे पत्र्यावर कोरणारा, "लिथ." म्हणजे दगडावर उतरवणारा, "इम्प." म्हणजे छापणारा. शेवटी कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात कारखान्याचं नाव आणि कधीकधी सालही पाण्याच्या खुणेत असतं. ते साल शीर्षकपानावरच्या सालानंतरचं असेल तर ती प्लेट नंतर छापलेली आहे, शंका नाही.

मोजणी, सावकाश

विक्रेत्याकडे जाण्याआधी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवरची किंवा इंटरनेट आर्काइव्हवरची त्याच आवृत्तीची प्रत उघडा आणि प्लेटांची यादी कागदावर उतरवून घ्या. मोबाइलवर दोन पुस्तकं एकदम पाहता येत नाहीत, कागदच बरा. मग दुकानात बसून एकेक प्लेट, तिचा क्रमांक, ती कुठल्या पानासमोर हवी हे ताडा. प्लेटा बहुधा मजकुराच्या पानसंख्येत मोजलेल्या नसतात, त्यामुळे पान क्रमांक सलग आहेत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. माझा घात तिथेच झाला. शिवणीपाशी बोट फिरवा. कापल्याची पट्टी, नवा गोंद, एखादं पान इतरांपेक्षा आखूड असणं, हे सगळं बोटाला डोळ्याआधी कळतं. रिकाम्या टिश्यूकडे आणि समोरच्या पानावर उतरलेल्या सावलीकडे लक्ष द्या. सावली एका पक्ष्याची आणि समोरचं चित्र दुसऱ्याचं असेल तर कुठूनतरी प्लेट आणून बसवली आहे.

ही पुस्तकं पुष्कळदा भागाभागाने ग्राहकांकडे येत आणि मग ग्राहक आपल्या आवडीने बांधून घेई. म्हणून दोन प्रती सारख्या नसणं हा दोष नव्हे. भागांची मूळ कागदी वेष्टनं शेवटी बांधलेली असतील तर ती काढू नका. कुठला भाग कधी निघाला हे त्यावरूनच कळतं, आणि एखाद्या जातीचं नाव पहिल्यांदा कुणी प्रसिद्ध केलं या वादात ती तारीख निर्णायक ठरते.

प्लेट कमी निघाली तर? अभ्यासासाठी हवं असेल तर अवश्य घ्या, पण अपुऱ्या पुस्तकाच्या भावात. सुटी प्लेट शोधून भोक बुजवण्याच्या मोहात मी पडत नाही. तिला दिलेले पैसे पुढच्या ब्लेडला धार लावतात. माझ्या बदकांच्या पुस्तकात तो सावलीचा टिश्यू अजून तसाच आहे.

भावाबद्दल थोडकंच सांगते. आधी पूर्णता, मग प्लेटांची अवस्था, मग मूळ बांधणी, या क्रमाने तोला. मागच्या मालकाची सही, मराठीतल्या समासातल्या नोंदी, शिकारीच्या तारखा यांनी माझ्या नजरेत किंमत वाढते. काही संग्राहकांना कोरी पानं हवी असतात, त्यांची आवड त्यांच्याजवळ. तपकिरी ठिपके मजकुरावर असले तर चालवून घ्या, पक्ष्याच्या छातीवर असले तर नको.

मुंबईचा पावसाळा

इथे सगळ्यांत जास्त पुस्तकं मरतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत तिची सरासरी ८० च्या वर असते. पन्नासच्या आसपास ठेवण्याचं लक्ष्य धरा. आर्द्रतामापक स्वस्त असतो, तो कपाटाच्या आत ठेवा, खोलीत नको. मी संग्रहाच्या एका खोलीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डिह्युमिडिफायर चालवते आणि त्याची टाकी रोज पाण्याने भरून जाते. सकाळी ती उचलून ओतताना दरवेळी वाटतं, हे सगळं पाणी कागदात गेलं असतं.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी निदान हे करावं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. खालचा खण रिकामा ठेवा. तळमजल्यावर असाल तर खालचे दोन. पुस्तकं दाटीने कोंबू नका. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की भट्टीत तापवून पुन्हा वापरा, आणि निळ्याऐवजी नारिंगी रंगाचे दाणे घ्या, कारण निळ्यात कोबाल्ट असतं. कोरड्या दिवशी कपाट उघडून पंखा लावा. पाऊस पडत असताना खिडक्या उघडून "हवा खेळवणं" म्हणजे ओल आत घेणं.

कसर आणि वाळवी यांसाठी आपल्याकडे पोथ्यांना लाल कापडात वेखंड घालून बांधण्याची पद्धत होती. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, फक्त पानाला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, कपाट उघडणाऱ्याच्या छातीला त्रास होतो. बाजारातून आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वेगळं ठेवा. बारीक भुसा पडत असेल तर जिवंत कीड आहे. पुस्तक दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट पानांवर जमतं. चामड्याची बांधणी किंवा डिंकाचा चमकता थर असलेल्या प्लेटा असतील तर हा उपाय तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नका.

दोन रंगांबद्दल सावध करते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली चकचकीत हिरव्या कापडाची बांधणी आणि काही हाताने रंगवलेली हिरवी पानं यांत आर्सेनिक असू शकतं. हातमोजे घाला, पुस्तक वेगळ्या पिशवीत ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका. आणि पक्ष्याच्या पांढऱ्या भागावर करडे-काळे डाग दिसले तर ती प्रत्येक वेळी बुरशी नसते. पांढऱ्या रंगातलं शिसं हवेतल्या गंधकाच्या वायूने काळं पडतं. ते पुसायला जाल तर पक्षीच पुसला जाईल.

फाटलं तर

सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, गल्लीतल्या बाइंडरकडे "नवं करून द्या" म्हणून टाकणं तर मुळीच नाही. तो कडा समान करतो, आणि कडेबरोबर चित्रकाराचं नावही जातं. लहान फाट जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडता येते, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. त्याहून मोठं काम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारा. कणा सुटलेलं पुस्तक तोवर सुती फितीने सैल बांधून आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवा. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चामड्याला चिकटतं.

परदेशी पाठवण्याआधी

१९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज ७५ वर्षांनंतर पुरातन ठरतात, चित्रं आणि इतर वस्तू १०० वर्षांनंतर. पुरातन ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विशेषतः पक्ष्यांची किंवा वनस्पतींची मूळ जलरंगातली चित्रं हाती आली तर परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, शीवच्या किल्ल्यावरच्या कार्यालयात, लेखी चौकशी करा.

आणि प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड करा. कुठून, कधी, किती रुपयांना घेतलं. किती प्लेटा, कुठली कमी. कुठला शिक्का, कुणाची सही. शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. कार्डाच्या मागच्या बाजूला मी एक ओळ जास्तीची लिहिते: माझ्यानंतर हे पुस्तक कुठल्या ग्रंथालयाकडे द्यायचं. घरच्यांना ती कार्डं कुठल्या खणात आहेत हे दाखवून ठेवलं आहे, आणि रद्दीवाल्यालाही सांगितलं आहे.